पियानोचा खरेपणा मेमरीवर मोजू नका

कीबोर्डची मेमरी जितकी मोठी, तितका त्यातला पियानो खरा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच पटते. १९८८ साली आलेल्या कॉर्ग एम१ या कीबोर्डमध्ये सगळ्या वाद्यांचे मिळून अवघे ४ एमबी ध्वनिमुद्रित नमुने होते. तरी त्याचा पियानो पुढे डान्स म्युझिकमध्ये धूमधडाक्यात वाजला, कारण तो टोकदार होता. आमच्या दारव्ह्यात गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आणि ढोलकीपुढे असाच आवाज टिकतो. भारदस्त, घुमणारा पियानो त्या कल्लोळात बुडून जातो.

फरक कळतो तो एकटा पियानो वाजवताना. एक पट्टी दाबून धरा आणि सूर विझेपर्यंत ऐका. जुन्या यंत्रांत नमुन्याचा छोटा तुकडाच फिरत राहतो, त्यामुळे सुराचा शेवट सपाट लागतो. २०११च्या कॉर्ग क्रोनोसमध्ये अख्खा सूर एसएसडीवरून वाजतो आणि आपसूक विरतो. मग तीच पट्टी हळू ते जोरात वाजवत जा. मध्येच आवाजाचा पोत झटक्यात बदलला, तर हळू-जोरात वाजवण्यासाठीच्या नमुन्यांचे थर कमी आहेत असे समजा.

मंडपातली जोडणी बहुधा मोनो असते. स्टिरिओ पियानोच्या दोन्ही बाजू तिथे एकत्र झाल्या की काही सूर पोकळ पडतात आणि महागडे यंत्रही फिके वाटते. म्हणून खरेदीआधी हेडफोनवर भाळू नका. जिथे वाजवायचे, तसल्याच स्पीकरवर ऐका आणि मगच पैसे मोजा.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)