थंडी पडली, आई रुसली



दिवाळीचे डबे रिकामे झाले की आमच्या बायकांच्या ग्रुपवर डिंकाच्या लाडवांची कृती फिरू लागते. थंडी म्हणजे तब्येत कमवायचे दिवस, भूक लागते, झोप छान लागते, हे आपल्याकडे इतकं ठरून गेलंय की थंडीत कुणाला उदास वाटतं हे बोलायचीच सोय नाही. बोललं तर उत्तर तयार : "काय कमी आहे तुला?"

हे उत्तर मी बरीच वर्षं ऐकून घेतलं. आज उलट बोलणार आहे.

मार्गशीर्ष लागला की माझं काहीतरी बिनसायचं. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण. जूनमध्ये सांगलीत सात वाजेपर्यंत उजेड असतो, स्वयंपाकघर आवरेपर्यंत दिवस सरतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाचला जेवणं, सव्वासहाला ओटा पुसून कोरडा, आणि पुढे चार तास नुसते समोर पसरलेले. नियमाला दोष देत नाही, तो मी स्वखुशीने घेतलाय. पण मुलगा पुण्याला, मुलगी एडिंबराला, हे टीव्हीपुढे, आणि मी सातलाच पांघरूण ओढायची. मग पहाटे साडेतीनला टक्क जागी. मेथीची जुडी निवडायला घेतली तर पाऊण तासाने पाहावं तर पहिलीच काडी हातात. रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं झालं असतं.

स्वाध्यायाच्या वर्गातल्या एका ज्येष्ठ ताईंजवळ मन मोकळं केलं. त्या म्हणाल्या, "हे आर्तध्यान आहे. याने तिर्यंचगतीचा बंध पडतो. समता ठेव." आधीच बुडणाऱ्या बाईच्या गळ्यात आणखी एक धोंडा! दोन आठवडे मी वर्गाला गेले नाही. साडेतीनच्या जागरणात पुढच्या जन्मी जनावर होण्याची काळजी तेवढी वाढली.

आता शास्त्र थोडंफार मीही वाचलंय. चार दानांत औषधदान आहे. ते फक्त गुडघ्यांसाठी आहे असं कुठे लिहिलंय? अंतरंग तपांत वैयावृत्य आहे, म्हणजे आजाऱ्याची सेवा. आजाऱ्याला उपदेश करून घरी पाठवणं हे तप कुठल्या आचार्यांनी सांगितलं? मधुमेहाच्या माणसाला आपण "कर्माचा उदय आहे, सोस" म्हणून गोळी बंद करायला लावत नाही. मनाचं दुखणं आलं की मात्र सगळ्यांना एकदम कर्मसिद्धांत आठवतो, कारण त्यात ऐकणाऱ्याला स्वतः काही करावं लागत नाही. आणखी एकीने उपवास सुचवला. उपवास हे तप आहे, पण भूक मेली म्हणून ताट सरकवणं हे तप नव्हे. दोन्हींतला फरक करता येत नसेल तर सल्ला देऊ नये.

माझी लेक एडिंबराला गेली तेव्हा हे पहिल्यांदा नीट कळलं. तिथे डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, दिवस जेमतेम सात तासांचा. हिवाळ्यात मन खचतं हे तिथे कुणाला नवं नाही. तिला तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, बोलतं केलं. हिवाळी नैराश्याला नाव मिळालं ते 1984 साली. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शोधनिबंध लिहिला. हे गृहस्थ मूळ जोहान्सबर्गचे. न्यूयॉर्कला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांचं स्वतःचं मन मंदावलं होतं. उपचार म्हणून सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवतात.

तुम्ही म्हणाल, सांगलीला कसला आलाय उजेडाचा दुष्काळ? मलाही तेच वाटलं होतं. पण बी.कॉम.ची सवय, हिशेब मांडला. मोकळ्या जागेत सकाळच्या उन्हात दहा हजार लक्स सहज मिळतात. ट्यूबलाइटखालच्या ओट्यापाशी काही शे मिळाले तरी पुष्कळ. ऊन गच्चीवर आहे आणि बाई ओट्याशी आहे. सहा ते अकरा डबे, चहा, पूजेची तयारी, भाजी निवडणं. आमच्या आज्यांना असलं काही होत नव्हतं म्हणणाऱ्यांना सांगते, आज्या विहिरीवर, अंगणात, शेतात होत्या. आणि होत नव्हतं हेही खरं नाही. आम्ही भावंडं लहानपणी म्हणायचो, "थंडी पडली, आई रुसली." संक्रांत उलटून जाईपर्यंत ती फारशी बोलत नसे. तिळगूळ वळायची ती सुद्धा मुकाट. आम्ही हसायचो. तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. मीही नेलं नाही, आणि माझं लग्न होऊन मी शहाणी झाले होते तेव्हाही नेलं नाही.

मी गेले ती मुलीने फोनवरून हट्ट धरला म्हणून. डॉक्टर म्हणाले, "नाव काही का असेना, दर वर्षी याच दिवसांत येतंय, तर आधीपासून तयारी करू." मी आधी जिलेटीनचं विचारून घेतलं. कॅप्सूलऐवजी साधी गोळी मिळाली, आणि तीही सकाळची, म्हणजे रात्रीचा प्रश्न नाही. विचारलं तर मार्ग निघतो. धर्म आड येतो म्हणून औषध टाळणाऱ्या कितीजणींनी डॉक्टरांना विचारलंय? गोळी मनाने सुरू केली नाही, बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करत नाही.

दुसरी तयारी घरात केली. दिवाळी ते महाशिवरात्र सकाळचा नाश्ता यांच्याकडे. कांदा-बटाटा नसलेल्या पोह्यांत बिघडण्यासारखं फार काही नसतं, तरी पहिले आठ दिवस त्यांनी ते बिघडवून दाखवले. मी तेव्हा गच्चीवर. भाजी तिथेच निवडते. संध्याकाळच्या चार तासांपैकी एक शेजारच्या मुलीच्या अकाउंट्सच्या अभ्यासाला दिलाय. तिच्या ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की मलाच आनंद होतो. मागचा पौष पूर्ण कोरा गेला असं नाही. तीन-चार दिवस वाईट होते. पण ते दिवसच होते, महिने नव्हते.

ज्यांच्या घरी ऐकणारं कुणी नाही त्यांनी 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक लिहून ठेवावा. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणंच नकोसं वाटत असेल तर माझ्यासारखी वर्षं घालवू नका, आजच फोन करा.

आणि घरातल्या पुरुषांनो, लाडू आम्ही करतो, आम्हीच खातो, त्याचं कौतुक पुरे. सकाळचा अर्धा तास द्या.

आमच्या वर्गाचं काय करायचं तेही ठरवलंय. बस्तीच्या मागचं सभागृह भर सकाळीही दिवे लावल्याशिवाय दिसत नाही, आणि पुढचं अंगण आठ वाजताच उन्हाने भरलेलं असतं. या रविवारी त्या ताईंनाच सांगणार आहे, पौषभर वर्ग अंगणात घ्या. जागा झाडून, जीवजंतू पाहून सतरंज्या मी अंथरीन.