हट्टी मूल की अजाण घर?

कुकरच्या शिट्टीने कान झाकणारे, कपड्याची शिवण टोचते म्हणून रडणारे मूल हट्टी ठरवले जाते. वस्तुतः त्याच्या मेंदूला संवेदनांची सांगड घालणे अवघड जात असते. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ च्या ग्रंथात ही मीमांसा मांडली. तज्ज्ञांनी आखून दिल्यास कणीक मळणे, झोपाळा, पाण्याची बादली उचलणे हेही घरगुती उपचार ठरू शकतात. मात्र सक्ती नको आणि चमत्काराची आशाही नको; अशा उपचारांचे पुरावे मर्यादित असल्याचे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१२ मध्ये बजावले आहे. शिवाय हा भार एकट्या आईनेच का वाहावा? वडील, आजी-आजोबा यांनीही वाटा उचलला पाहिजे. शिस्त लावण्यापूर्वी मुलाला समजून घेणे हा कुटुंबधर्मच होय.