शेजारच्या सीटवर बसून पाहा

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला गेलो. भाच्याने कर्ज काढून नवी गाडी घेतली आहे. आमच्या घराण्यातली ही पहिली चारचाकी. त्याने हट्टच धरला, "मामा, एस.टी.ने कशाला? माझ्या गाडीतून चला." पुढे तो आणि मी, मागे माझी पत्नी आणि थोरली बहीण, म्हणजे त्याची आई.

सावंगीजवळ समृद्धी महामार्गाला लागलो. डिसेंबर 2022 मध्ये या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. मोटारीला इथे ताशी 120 ची मुभा आहे. पोराने बघता बघता काटा 120 वर नेला. तो मजेत होता. गाण्यावर मान डोलवीत म्हणाला, "बघा मामा, गाडी हलतसुद्धा नाही!"

गाडी हलत नव्हती हे खरे, पण माझा उजवा पाय खालची चटई दाबत होता. तिथे ब्रेक नाही हे मला कळत होते, तरी पाय ऐकेना. मागे पत्नीने दारावरची मूठ घट्ट धरलेली. ताईने पिशवीतून लिंबू काढून नाकाला लावले. तिघेही घाबरलेलो, पण बोलत कोणीच नव्हते. पोराने हौसेने गाडी घेतली, त्याचा हिरमोड कशाला करा? शिवाय घाबरट ठरायची लाज वेगळीच.

पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा मी म्हणालो, "दे चावी, जरा वेळ मी चालवतो." मंडळाची रुग्णवाहिका मी अधूनमधून चालवतो, त्यामुळे हाताला सवय आहे. आणि काय सांगू! दहा मिनिटांत माझाही काटा 110 वर गेला आणि मला काहीच वाटेना. गाडी सत्तरने चालली आहे असेच वाटत होते. सहज शेजारी पाहिले, तर भाचा चटई दाबत होता! "मामा, पुढे ट्रक आहे," तो म्हणाला. तो ट्रक मला केव्हाच दिसला होता आणि कुठे हळू करायचे तेही ठरले होते. पण माझ्या मनात ठरलेले त्याला कसे कळावे?

यातच सगळे आले. चालवणाऱ्याची नजर लांब रस्त्यावर असते. गाडी आता कुठे वळणार, कधी थांबणार, हे त्याला आधी ठाऊक असते आणि त्याचे अंग आधीच तयार होते. वळण आले की त्याचे डोके आपोआप आतल्या बाजूला झुकते. बसलेल्याचे मात्र बाहेर फेकले जाते. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारी जागा असते. ती सांगते गाडी हलते आहे, आणि मोबाईलकडे लागलेले डोळे सांगतात काही हलत नाही. या भांडणातून मळमळ होते. म्हणून गाडी लागते ती बहुधा बसलेल्यांना, चालवणाऱ्याला क्वचितच.

दुसरे असे की, वेगाची सवय होते. बराच वेळ 120 ने गेल्यावर 60 म्हणजे बैलगाडी वाटते. महामार्गावरून खाली उतरताना नेमका इथेच घात होतो.

मी बी.कॉम.चा माणूस, म्हणून थोडा हिशेब मांडतो. ताशी 60 ने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते, 120 ने 33 मीटर. वेग दुप्पट झाला, पण ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असले तर 60 ला सुमारे 20 मीटर, 120 ला सुमारे 80. त्यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर वेगळे. आणि वाचतो किती वेळ? शंभर किलोमीटरला 120 ने पन्नास मिनिटे लागतात, 100 ने एक तास. म्हणजे फक्त दहा मिनिटे.

बसलेल्याची भीती दर वेळी बरोबर असते असे नाही. त्या ट्रकची भीती फुकटचीच होती. पण पुढे काय करायचे हे जसे चालवणाऱ्याला ठाऊक असते, तसे गाडीच्या वेगाची धास्ती बसलेल्याला जास्त जाणवते. म्हणून त्याचे ऐकावे. आणि बसलेल्यानेही भीड न धरता सांगावे, "बाळा, जरा हळू घे." त्यात अपमान कोणाचाच नाही.

आणखी एक. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. कायद्याने तो सक्तीचाच आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पैसा, मोठी गाडी, काही कामी आले नाही.

परतताना भाच्याच्या हाती पुन्हा चावी दिली. काही न सांगता त्याने काटा शंभरच्या खाली ठेवला. जालना आले तेव्हा मागे वळून पाहिले. ताई गाढ झोपली होती. लिंबू पिशवीतच होते.

तुमच्या घरात नवी गाडी आली असेल, तर चालवणाऱ्याला एकदा शेजारच्या सीटवर बसवा. पुढे फार सांगावे लागणार नाही.