शेवटचे शंभर मीटर

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. शिवथरच्या घळीत समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा असलेल्या या ग्रंथात अक्षराच्या वळणाबरोबर साधनांचाही विचार आहे. बरू कसे निवडावेत येथपासून पोथी जपण्यासाठी मेणकापड, पेट्या, कुलुपे येथपर्यंत. पावसाळ्यात जिच्यासमोर धबधबा कोसळतो, त्या घळीत मेणकापडाचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नसेल.

त्याच खोऱ्यातील एखाद्या शाळेत आज दहा संगणक तारेने जोडायचे ठरले, तर साधनांचा विचार बहुधा सर्वांत स्वस्त कोटेशनपाशीच संपतो. २०११ मध्ये केंद्राने मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली गेलेली योजना मुळात ग्रामपंचायतीपर्यंत तंतू पोहोचविण्यासाठी आखली गेली. वर्गखोल्यांतील तार ज्याची त्यानेच निवडायची असते, आणि घात होतो तो तेथेच.

दिवे लुकलुकणाऱ्या स्विचला उद्घाटनात हार पडतो. भिंतीतली केबल कोणी पाहत नाही. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार ‘कॅट सिक्स’ असे छापून सर्रास विकली जाते. तिचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि वाकवली की ती लवकर तुटते. दुकानातच पात्याने टोक खरवडावे. आत पांढरी निघाली तर गुंडाळी परत करावी. उलट, शुद्ध तांब्याच्या साध्या कॅट फाइव्ह-ई केबलवर शंभर मीटरपर्यंत गिगाबिट वेग मिळतो. त्याहून महागडी तार घेणे ही शाळेच्या बाबतीत निव्वळ हौस होय.

कार्यालय आणि वर्ग वेगवेगळ्या इमारतींत असतील, तर मात्र काटकसर नको. सह्याद्रीच्या पायथ्याशी वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, आणि दोन इमारतींमधली तांब्याची तार विजेचा झटका थेट यंत्रांपर्यंत नेऊ शकते. प्रकाशतंतू वीज वाहून नेत नाही. तेवढ्या अंतरासाठी धातूविरहित आवरणाची फायबर केबल व दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर घ्यावेत. वीजपुरवठ्याचे अर्थिंग तपासून घेणे तर त्याआधीचे काम.

कोटेशनात हटकून गळतात ती हत्यारे. क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर आणि मूठभर जादा कनेक्टर नसतील, तर एक गंजलेला कनेक्टर बदलण्यासाठी महाडहून माणूस येईपर्यंत संगणकांवर आच्छादने चढतात. भर पावसात तो येणार तरी कसा? नववीच्या चार मुलांना हे काम एका दुपारीत शिकवता येते. पहिले पाच-सहा कनेक्टर वाया जातील, ते जाऊ द्यावेत. हत्यारे शाळेतच, कोरड्या पेटीत राहावीत. कुलूप असावे, पण किल्ली केवळ मुख्याध्यापकांच्या खिशात नसावी. झाकणाच्या आतल्या बाजूस आठ तारांचा रंगक्रम चिकटवावा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.