विश्लेषण : बिझनेस प्लॅन स्पर्धेत विद्यार्थी नेमके कुठे अडकतात?

कल्पना भन्नाट, स्लाइड्स चकचकीत, सादरीकरणाची तालीमही झालेली. तरीही परीक्षकांच्या एका साध्या प्रश्नावर अनेक विद्यार्थी गप्प होतात. प्रश्न असतो, ‘एका विक्रीमागे तुमच्या हातात किती पैसे उरतात?’ या प्रश्नाची तयारी कशी करायची, ते पाहू.

प्लॅन की मॉडेल?

आयआयटी मुंबईच्या ई-सेलची ‘युरेका’ ही बिझनेस मॉडेल स्पर्धा म्हणून ओळखली जाते. फरक केवळ नावाचा नाही. प्लॅन म्हणजे पुढच्या काही वर्षांचा आराखडा. मॉडेल म्हणजे पैसा येतो कुठून, जातो कुठे आणि उरतो किती, याची मांडणी. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांचा ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’ ही मांडणी ९ चौकटींत, एका पानावर बसवतो. तयारी तिथून सुरू करणे सोयीचे. मात्र चौकटीत लिहिलेली प्रत्येक ओळ हा सुरुवातीला अंदाजच असतो. तो ग्राहकाला भेटूनच तपासावा लागतो.

बाजारपेठ किती मोठी?

‘देशात इतके कोटी विद्यार्थी, त्यातले फक्त १ टक्का आपले ग्राहक,’ ही स्लाइड जवळपास प्रत्येक स्पर्धेत दिसते. पण तो १ टक्का येणार कसा, हे त्यात नसते. त्यापेक्षा उलटीकडून मोजणी करावी. कोणता परिसर, तिथे किती वसतिगृहे, किती जणांशी बोललो, किती जणांनी आगाऊ पैसे दिले? ‘कल्पना छान आहे’ म्हणणारे ५० जण आणि पैसे देणारे ५ जण यांत दुसरा आकडा मोलाचा.

गणित कसे मांडायचे?

समजा, पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी डब्याचा व्यवसाय आहे. डब्याची किंमत ८० रुपये. शिधा, गॅस व स्वयंपाकाची मजुरी मिळून ५८ रुपये, पोहोचवण्याचे १२ रुपये. उरले १० रुपये. जागेचे भाडे आणि इतर ठरलेला खर्च महिन्याला ३० हजार. म्हणजे ना नफा ना तोटा यासाठी महिन्याला ३ हजार, रोज १०० डबे हवेत. ग्राहक ओढण्यासाठी ५ रुपये सूट दिली, तर हाच आकडा रोज २०० डब्यांवर जातो. सूट छोटी वाटते, पण उरणारी रक्कम निम्मी होते.

कराचे काय?

रोज १०० डबे म्हणजे वर्षाची उलाढाल २८ लाख ८० हजार. महाराष्ट्रात सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. म्हणजे तोटा थांबण्याआधीच कर लागू होतो. ८० रुपयांतच ५ टक्के कर धरला, तर डब्यामागे सुमारे ३ रुपये ८० पैसे जातात आणि रोजच्या डब्यांची गरज १६० च्या पुढे सरकते. शिवाय एफएसएसएआयची नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही लागते. दिवाळीत आणि परीक्षा संपल्यावर विद्यार्थी गावी जातात, तेव्हा मागणी घटते. भाडे मात्र तेवढेच राहते.

मग कल्पना सोडून द्यायची?

तसे नाही. किंमत ९० करता येईल का, एकाच इमारतीत २० डबे देऊन पोहोचवण्याचा खर्च कमी होईल का, असे प्रश्न या हिशेबातूनच सुचतात. परीक्षकांनाही तेच ऐकायचे असते. कोणता अंदाज चुकला आणि त्यानंतर काय बदलले, हे सांगणारी एक स्लाइड पाच वर्षांच्या नफ्याच्या चढत्या आलेखापेक्षा वजनदार ठरते.

कॉलेजांनी काय करावे?

स्पर्धेच्या आदल्या रात्री जागून केलेला प्लॅन प्रमाणपत्र मिळवून देईल, व्यवसाय नाही. कॉलेजांनी सादरीकरणाआधी किमान महिनाभराचा वेळ द्यावा आणि गुणांचा मोठा वाटा प्रत्यक्ष ग्राहकांच्या भेटींना व हिशेबाच्या वहीला ठेवावा. बक्षीस एकाच संघाला मिळते. पण घरच्यांची बचत घालण्याआधी कागदावरच तोटा दिसला, तर हरलेल्या संघाचाही त्यात फायदाच आहे.