चित्रे काढणाऱ्या मुलांचे पुढे काय?

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची रीघ लागते. बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. सायन्स घ्यावे की कॉमर्स, पोलीस भरतीला उंची किती लागते, नर्सिंगचा फॉर्म कधी निघतो. पण दर वर्षी दोन-तीन आईबाप असे येतात की काय विचारावे हेच त्यांना कळत नाही. वहीची मागची पाने उलटून दाखवतात आणि म्हणतात, "साहेब, पोरगं दिवसभर चित्रंच काढतंय. ह्याचं करायचं काय?" जणू पोराला काही दुखणेच जडले आहे! या आठवड्यात आम्ही याच पालकांशी बोलणार आहोत.

चित्र काढणाऱ्या हाताला आज तीन मोठे रस्ते आहेत. इमारतीचा आराखडा करणारा वास्तुविशारद, म्हणजे आर्किटेक्ट. घराची, दुकानाची आतली मांडणी करणारा इंटिरियर डिझायनर. आणि अक्षर, रंग, चित्र यांतून पुस्तक, पाकीट, जाहिरात, पाटी घडवणारा ग्राफिक डिझायनर. त्याच्या शिक्षणाला आपली कला महाविद्यालये उपयोजित कला म्हणतात. ही नावे ऐकली की आपल्या माणसाला वाटते, ही बंगल्यात राहणाऱ्यांची कामे. आम्हांला हे मुळीच पटत नाही. पुणे शहर बांधले कोणी? गवंडी, बिगारी, सुतार, फरशीवाले, पीओपीवाले, पेंटर यांनी. ताडीवाला रोडला, दापोडीला, कासेवाडीला, येरवड्याला घराघरांत ही माणसे आहेत. हात आपला, घाम आपला, नकाशा तेवढा दुसऱ्याचा.

आणि हे नेहमीच असे होते असे नाही. वाचकांपैकी पुष्कळजण लोणावळा लोकलने मळवलीला उतरून कार्ले-भाजे पाहून आले असतील. कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद, सगळा एका खडकात कोरलेला. पुढच्या वेळी गेलात तर मान वर करून छत पाहा. दगडी छताला लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्या तिथे आहेत. आधी लाकडात बांधायची रीत होती, तीच सुतारकामाची अक्कल पुढे दगडात उतरली. तिथल्या ब्राह्मी लेखांत पैसे देणाऱ्या श्रेष्ठींची नावे आहेत, तसे धेनुकाकट गावच्या एका सुताराचेही नाव आहे. वेणुवासाचा मुलगा सामी, त्याने हे दार केले, असा त्याचा अर्थ. कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यात तर कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले असे कोरलेले आहे. म्हणजे गुरू होता, शिष्य होता, शिकणे होते, आणि काम करणाऱ्याला आपले नाव लिहिण्याचा मान होता. आजच्या किती इमारतींवर सुताराचे नाव दिसते?

नकाशा कोण काढतो याने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. झोपडपट्टी पुनर्वसनात आपल्या कितीतरी कुटुंबांना २६९ चौरस फुटांची घरे मिळाली. घर पक्के मिळाले ही गोष्ट चांगलीच. पण आत शिरून पाहा. म्हातारीची खाट टाकली की दार अर्धे उघडते. मुलीला अभ्यासाला कोपरा नाही. बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर ठेवायला भिंत शोधावी लागते, कारण एका भिंतीला खिडकी, दुसरीला मोरीचे दार. हा नकाशा काढणाऱ्याने दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपताना पाहिलेली नसतात. आपल्या मुलांनी पाहिलेली असतात. तेवढ्या जागेत ट्रंका, गॅस, हंडे, पुस्तके कशी बसवायची हे आपल्या आयाबहिणींना बिनशिकता येते, आणि त्यालाच बाहेर इंटिरियर म्हणून फी घेतात! बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा पुरेना म्हणून. घर कशासाठी हे आधी ठरले, भिंती मागून आल्या.

आता शिकायचे कुठे? अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाचा एक प्रकार आहे. दोन वर्षांचे शिक्षण, फी विद्यापीठाच्या मानाने कमी, दिवसा कामाला जाणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग. अशा कॉलेजांत हे तिन्ही विषय शिकता येतात आणि नंतर पुढच्या वर्षांसाठी विद्यापीठात जाता येते. आपल्या देशात १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने अशा कॉलेजची सुरुवात केली. पण पुण्यातल्या कामगार कुटुंबाला खरा आधार आहे तो आयटीआय आणि तंत्रनिकेतन यांचाच. आयटीआयमध्ये आरेखक स्थापत्य, म्हणजे ड्राफ्ट्समन सिव्हिल, हा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. अंतर्गत सजावटीचाही ट्रेड काही ठिकाणी असतो. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. गणेशखिंडीतले शासकीय तंत्रनिकेतन १९५७ सालचे, स्टेशनजवळचे कुसरो वाडिया त्याहून जुने, १९३८ चे. दोन्हीकडे सिव्हिलची पदविका आहे. गणित घेऊन पदविका झाली की आर्किटेक्चरचीही दारे उघडतात. ही शिडी लांब आहे, पण प्रत्येक पायरीवर हातात पोटापुरते काम येते. दुसऱ्या पायरीवर थांबावे लागले तरी मुलगा उघड्यावर पडत नाही.

गणिताचा उल्लेख केला तो मुद्दाम. आमच्या वस्तीतली एक मुलगी, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत 'अ' श्रेणी. नातेवाइकांनी सांगितले, मुलीच्या जातीला कॉमर्स सोपे. तिने अकरावीला गणित सोडले. बारावीनंतर कळले की आर्किटेक्टच्या पाच वर्षांच्या पदवीला बारावीचे गणित लागतेच, आणि भौतिकशास्त्रही. दार तिथेच बंद झाले. तेव्हा पालकांनी ध्यानात घ्यावे, मूल चित्रे काढते म्हणून त्याचे गणित सोडवू नका. गणितासोबत 'नाटा' ही प्रवेशपरीक्षा असते. तीत हाताने रेखाटन करावे लागते. आपल्या मुलांना भीती वाटते ती इंग्रजीची; पेन्सिलीची नव्हे.

ज्याला गणित अजिबात झेपत नाही त्याने कलेकडे वळावे. दहावीनंतर फाउंडेशन, मग पदविका. किंवा बारावीनंतर सीईटी देऊन चार वर्षांची बीएफए. पुण्यात टिळक रस्त्यावरचे अभिनव कला महाविद्यालय सर्वांना माहीत आहे, चौकालाच त्याचे नाव पडले. शाळेत असतानाच एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवा. दहावीच्या निकालात या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, हा वरचा फायदा.

एक गोष्ट परखडपणे सांगतो. १९७२ च्या कायद्याने आर्किटेक्ट ही पदवी बांधून टाकली आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इंटिरियर आणि ग्राफिकला असे कुंपण नाही. म्हणून कोणीही दोन खोल्या भाड्याने घेतो, काचेचे दार लावतो आणि डिझाइन इन्स्टिट्यूट काढतो. आमच्या ओळखीच्या एका रिक्षावाल्याने मुलासाठी अशाच एका ठिकाणी कर्ज काढून पैसे भरले. वर्षअखेरीस जे प्रमाणपत्र मिळाले त्यावर ना विद्यापीठाचे नाव, ना तंत्रशिक्षण मंडळाचे. शिष्यवृत्तीचा तर प्रश्नच नव्हता. मुलगा हुशार, आज एका प्रिंटिंगच्या दुकानात संगणकावर बसतो. पण ते काम त्याला सहा महिन्यांत दुकानातच शिकता आले असते, बापाचे कर्ज न होता. तेव्हा पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: मान्यता कोणाची? उत्तर कागदावर मागा. तोंडी उत्तर देणाऱ्याच्या दारातून चहा न घेता परत या.

ग्राफिकविषयी थोडे आणखी. पूर्वी जयंतीचे फलक हाताने रंगवणारे पेंटर प्रत्येक वस्तीत असत. काय त्यांचे अक्षर! फ्लेक्स आला आणि ते ब्रश पुसून बसले. आता १४ एप्रिलला शहरभर फलक लागतात, आणि दर दहांतल्या एकावर 'जंयती' छापलेले असते. तो अनुस्वार पाहिला की आमचा दिवस खराब होतो. देवनागरी अक्षराची जाण ही विद्या आहे. संगणकावरचा मंगल हा फाँट घडवणारे र. कृ. जोशी यांनी आयुष्य या अक्षरांत घातले. जुन्या पेंटरच्या हाताखाली सहा महिने अक्षर गिरवून मग जो संगणकाला बसेल, त्याचा फलक शंभरांत उठून दिसेल.

आता पैशाचे. आम्ही कारकुनी करतो, कागद कुठे अडतो हे आम्हांला ठाऊक आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. वर असेल तर फ्रीशिपमध्ये फीची सवलत आहे. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश सरकारी फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने प्रवेश घेतला की सवलत गेली. शिवाय जात वैधता प्रमाणपत्र. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या हे खरे, पण समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा ठेवावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जन्म-मृत्यू उतारा, जे असेल ते अकरावीतच शोधायला लागा. ऐन प्रवेशाच्या वेळी गावी पळणाऱ्यांचे हाल आम्ही दर वर्षी पाहतो.

फी माफ झाली तरी सगळे संपत नाही. आर्किटेक्चरच्या मुलाला कागद, रोलर स्केल, माउंट बोर्ड, मॉडेलचे साहित्य, मोठ्या नकाशांच्या प्रिंट, आणि वरच्या वर्गांत बऱ्यापैकी लॅपटॉप लागतो. यातले बरेचसे कोणत्याच शिष्यवृत्तीत नीट बसत नाही. मुले फीमुळे नव्हे, या चिल्लर खर्चाने दुसऱ्या वर्षी गळतात. घरी सांगत नाहीत, आजारी आहे म्हणून कॉलेज चुकवतात. म्हणून आमच्या अभ्यासिकेत आम्ही एक लोखंडी कपाट रिकामे केले आहे. शिकून बाहेर पडलेल्यांनी आपला ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, जुनी पुस्तके, चालू स्थितीतला संगणक रविवारी सकाळी आणून द्यावा. वस्तूवर नाव लिहून नोंदवहीत सही करावी. घेणाऱ्यानेही सही करायची, आणि अभ्यासक्रम संपला की वस्तू पुसूनपासून परत कपाटात ठेवायची.