‘मजुराचंच चुकलं’ म्हणणाऱ्यांना जाहीर सवाल

कास्तकार बंधूंनो, रोजानं फवारणीला जाणाऱ्या भावांनो, कृषी केंद्रवाल्यांनो,

पऱ्हाटीला पात्या धरल्या की गावोगाव पंप बाहेर निघतात आणि सोबत ठरलेला उपदेशही निघतो. मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट फवारू नका. एवढं करून कुणाला विषबाधा झालीच, तर दुसऱ्या दिवशी साहेब सांगून मोकळे होतात, ‘मजुरानं किट घातलं नव्हतं.’ चौकशी तिथंच आटोपते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. अकोला, अमरावती, बुलडाणाही सुटले नाहीत. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या उंचीला लागली होती. पाठीवर पंप घेऊन तासात शिरलेला माणूस आपल्याच फवाऱ्यातून चालत होता. हवा दमट, बॅटरी पंपाचे तुषार धुक्यासारखे बारीक, आणि बादलीत दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. मग पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर बंदी आली, ती किती दिवसांची? साठ! त्या पाचांपैकी मोनोक्रोटोफॉसवर देशभर बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडलं. याच विषानं २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या दुपारच्या जेवणातून २३ लेकरं मेली होती, तरी मधली दहा वर्षं ते आपल्या दुकानात मिळतच राहिलं.

आमच्यातले काही जण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. प्रयोगशाळेत विषारी द्रव्य हाताळायचं तर पहिला प्रश्न असतो, हे वापरल्यावाचून भागेल का? न भागल्यास, कमी विषारी काही आहे का? मग धूर ओढून घेणारं कपाट, मग मोजमापाचे नियम. हातमोजे आणि मास्क सगळ्यात शेवटी, कारण ते फाटतात, गळतात, घामानं निघतात. वावरात हा क्रम उलटा करून ठेवलाय. विष तेच, पहारा मात्र फक्त मास्कचा! अकोल्याच्या उन्हात अंगभर प्लास्टिक चढवून तासभर फवारून दाखवावं एखाद्या साहेबानं.

प्रत्यक्षात काय घडतं, ते धुऱ्यावर उभं राहून पाहा. औषध मोजलं जातं बाटलीच्या झाकणानं, ढवळलं जातं तुराटीनं आणि कोपरापर्यंत हातानं. नोझल तुंबला की माणूस तो तोंडानं फुंकतो. पंपाचं झाकण सैल असतं. पाणी पाठीवरून कमरेत उतरतं आणि सदरा संध्याकाळपर्यंत तसाच ओला राहतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटाचं विष पोटात जायलाच पाहिजे असं नाही, ते कातडीतून जिरतं. रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम खाली येतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, मांड्या फडफडतात, श्वास अडकतो. असं दिसलं की कपडे काढा, साबणानं अंग धुवा, उलटी काढायच्या फंदात पडू नका, आणि औषधाची बाटली सोबत घेऊनच दवाखाना गाठा. त्या लेबलावरून डॉक्टर अ‍ॅट्रोपिन द्यायचं की आणखी काही, हे ठरवतो.

कायदा नाही असं कुणी सांगू नये. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. या विषाच्या कामावर असलेल्या कामगाराची दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी आणि ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर दरमहा कोलिनेस्टरेज, हे त्या नियमांत लिहिलेलं आहे. कंपन्यांनी आणि वितरकांनी उतारा साठ्यात ठेवावा, हेही. रोजानं फवारणाऱ्या एकाही माणसाची अशी तपासणी झालेली आम्हाला माहीत नाही. २०१७ मध्ये तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातसुद्धा या तपासणीची सोय नव्हती.

कृषी केंद्रवाल्यांनो, तुमच्यावर आमचा राग आहेच, कारण वऱ्हाडात पिकाचा डॉक्टर तुम्हीच होऊन बसलात. ‘हे दोन्ही मिसळून मारा, फरक पडते’ हे तुम्ही तोंडी सांगता. पावतीवर लिहून का देत नाही? लिहून द्या, खाली सही करा. (उधारीच्या वहीत तर पैसा न् पैसा लिहिता.) उधारीवर माल घेणारा कास्तकार तुमच्याशी वाद घालू शकत नाही, हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे.

कास्तकारांनो, आपलेही हात स्वच्छ नाहीत. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारतो. बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करा, तोवर निंबोळी अर्कावर भागवा. डोक्याला लागलेल्या पऱ्हाटीत माणूस घालू नका. आणि रोज ठरवताना पंपामागे पैसे ठरवू नका. पंपामागे पैसे म्हटलं की मजूर दुपारच्या उन्हातही थांबत नाही, हे आपणच त्याच्या गळ्यात बांधलंय.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन गोष्टी नोंदवून घ्या. गावात रोजानं फवारणारे कोण कोण, त्यांची नावं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज अ‍ॅट्रोपिनच्या किती कुप्या आहेत. आणि रिकाम्या बाटल्या नाल्यात जातात की दुकानदार परत घेतो. ठरावाची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

— अकोला-अमरावतीकडचे काही कास्तकार, फवारणी मजूर आणि रसायनशास्त्राचे शिक्षक